झाकण्याआधी बघून घे

नकाशा मिळाला. वहिनीने फोनवर दाखवला, पण फोनमध्ये घर दिसतं, मापं दिसत नाहीत. म्हणून झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून आणला. तुमच्या आर्किटेक्ट मुलीने पुढची बाजू झकास केली आहे. दगडी पट्टा, लाकडासारखी जाळी, रात्रीचे दिवेसुद्धा दाखवलेत. पण सांडपाण्याचं चेंबर मला सापडेना. सेप्टिक टँक कुठे, बोअर कुठे, दोन्हींत अंतर किती, ते कुठेच नाही. वरच्या मजल्याच्या संडासाचा पाइप खालच्या बैठकीच्या डोक्यावरून जातोय की काय अशी मला शंका आहे.

म्हणून लिहायला बसले. हे फौजेत, सदा बदलीच्या गावी. साताऱ्याचं घर मीच साइटवर उभी राहून बांधून घेतलं. मग ‘आत्याला यातलं कळतं’ म्हणत नात्यातली बरीच बांधकामं माझ्या गळ्यात पडली. मी काही इंजिनिअर नाही रे. पण गवंड्यांच्या शेजारी उभं राहून एक गोष्ट पक्की कळली. घरात जे पुढे दिसणार असतं त्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, रस्त्याने जाणारासुद्धा दोन शब्द ऐकवून जातो. फरशी चुकली तर उपटता येते, रंग तर बदलायचाच असतो. जे मातीखाली, काँक्रीटच्या पोटात, गिलाव्यामागे जातं, ते बघायला मिळतं एकदाच आणि थोडाच वेळ. त्या वेळी तू किंवा सूनबाई, दोघांपैकी एकजण जागेवर पाहिजे. एरवी पुण्यात बसून फोनवर चौकशी केलीत तरी माझं काही म्हणणं नाही.

आधी कागद. सातबारावर नाव विकणाऱ्याचं आहे एवढं बघून लोक इसार देतात. ‘इतर हक्क’ हा रकाना वाच. बँकेचा नाहीतर सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, कोर्टाची नोंद, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. मग मागचे फेरफार काढ. जमीन विकणाऱ्याकडे आली कशी? वारसाने आली असेल तर त्याच्या बहिणी कुठे आहेत? त्यांचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे की नुसतं ‘त्यांची काही हरकत नाही हो’? हरकत नसलेल्या बहिणींचे जावई पुढे हरकत घेतात. मी हक्कसोड केलं तेव्हा दादाने मला रजिस्टर कचेरीत नेऊन सही घेतली होती, वर इरकल साडी. सही महत्त्वाची, साडी ऐच्छिक.

तुमचा कराडचा प्लॉट 33 बाय 66 म्हणजे बरोबर 2 गुंठे, 2,178 चौरस फूट. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, हे डोक्यात ठेव. आता टेप घेऊन जा आणि बघ, की पुढचा रस्ता त्या 66 फुटांच्या बाहेर आहे की आतच धरलाय. रस्ता कुणाच्या नावावर आहे तेही विचार. मंजूर लेआउटमध्ये दाखवलेला रस्ता वेगळा आणि ‘आपलाच चुलतभाऊ आहे, जाऊ देतो’ म्हणून मिळालेला रस्ता वेगळा. दोन भाऊ भांडले की पहिला अडतो तो तुझा विटांचा ट्रक. बिनशेतीचा आदेश हातात घे, त्याचा नंबर लिहून घे. तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदललेत, सवलती आल्यात, हे खरं. पण आपल्या सर्वे नंबरला त्यातलं काय लागू, हे दलालाच्या तोंडून ऐकू नकोस, कचेरीतून लेखी घे.

सरकारी मोजणी करून घे आणि ‘क’ प्रत घे. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना नोटीस जाते, त्यांच्या समोर हद्दीच्या खुणा होतात. त्या खुणा लगेच काँक्रीटमध्ये पक्क्या कर. चुन्याच्या रेघेवर विसंबू नकोस. पहिला पाऊस पडला, नाहीतर शेजाऱ्याच्या म्हशी फिरल्या, की रेघ गेली.

कराडला कृष्णा आणि कोयना दोन्ही येतात, म्हणून पुराचं विचारतेच. पाटबंधारे खात्याने नदीकाठी निळी आणि लाल रेषा आखलेली असते. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. प्लॉट त्या दोन्हींच्या बाहेर आहे का, हे नकाशावर बघ. आणि नकाशा बघून झाला की त्या वस्तीतल्या एखाद्या म्हातारीला विचार, 2005 ला पाणी कुठवर आलं होतं, 2019 ला कुठवर. ती भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. त्या बोटाच्या वर जोतं पाहिजे.

जोत्याचं अजून एक. रस्त्यापेक्षा अडीच फूट तरी वर ठेव. दर वेळी डांबरीकरण होतं, जुनं न उकरता त्यावरच थर चढतो, आणि पंधरा-वीस वर्षांनी घर खाली, रस्ता वर. साताऱ्यात आमच्याच गल्लीत दोन घरांच्या पायऱ्या आता उतरत्या झाल्यात. पावसाळ्यात त्यांच्या ओटीवर गल्लीचं पाणी.

आता माती. तुमच्या प्लॉटवर काळी आहे. उसाला सोनं, घराला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल अशा भेगा पडतात, आणि ती हलली की वरचं घर हलतं. दारं अडकायला लागतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. लोक दर वर्षी तिच्यात पुट्टी भरतात. पुट्टीने काय होणार, दुखणं खाली आहे.

तेव्हा दर ठरवण्याआधी जेसीबी बोलावून दोन कोपऱ्यांत खड्डे घे. काळी माती किती फूट, मग पिवळी किती, मुरूम कुठे लागतो, ते डोळ्यांनी बघ आणि टेप लावून फोटो काढ. तो फोटो आरसीसी डिझाइन करणाऱ्याला दे. हा माणूस तुझा पाहिजे, ठेकेदाराचा नको. त्याची फी तूच दे. मुरूम 5 फुटांवर लागला तर एक हिशेब, 11 फुटांवर लागला तर दुसराच. पायाचा प्रकारच बदलेल कदाचित. ठेकेदार अंदाजपत्रकात गुपचूप 5 फूट धरतो आणि पुढच्या प्रत्येक फुटाला ‘एक्स्ट्रा’ लावतो. लोकांचं बजेट फसतं ते इथे, जमिनीच्या वर काहीच दिसत नसताना. म्हणून खड्डा आधी, कोटेशन मागाहून. आणि सगळ्या खर्चावर 15 ते 20 टक्के बाजूला ठेव, ते कुणाला सांगू नकोस. आर्किटेक्टला तर नकोच.

पायाचे खड्डे काढले की त्यातली काळी माती तिथेच ढीग करून ठेवतात, आणि जोतं भरायची वेळ आली की तीच आत ढकलतात. फुकटची भर, ट्रकचं भाडं वाचतं. हे होऊ द्यायचं नाही. काळी माती साइटच्या बाहेर गेली पाहिजे. भर मुरुमाची, आणि तीही एकदम नाही. 6 ते 9 इंचांचा थर, पाणी, मग धुम्मसने नाहीतर यंत्राने ठोकणं, मग पुढचा थर. ठेकेदार म्हणेल, ‘बाई, एकदम भरू आन पाणी सोडू, बसतंय आपोआप.’ बसतं, खरं आहे. फक्त ते फरशी घातल्यावर बसतं. भिंतीच्या कडेने फरशी पोकळ वाजायला लागते, मग स्कर्टिंगखाली फट पडते, मग तिथून मुंग्या. जुनी माणसं जोतं भरून एक पावसाळा तसंच ठेवायची, ते उगाच नव्हे. तुम्हाला तेवढा वेळ नाही, भाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहील. म्हणून थर मोजून भर. सोलिंग करायच्या आत वाळवीचं औषध मार. ते औषध फवारताना उभं राहा, कारण तिथे नुसतं पाणी मारलं तरी रंग तोच दिसतो.

वेळेचं गणित असं बसव. दिवाळी झाली की पायाचे खड्डे. शिमग्यापर्यंत जोतं आणि कॉलम, मृगाच्या आत वरचा स्लॅब. मधे माणसं गायब होतात, ते धरून चाल. आपल्याकडे मराठवाड्यातले लोक दसऱ्यानंतर ऊसतोडीला लागतात, बिहारचे छटपूजेला जातात आणि होळीला जातात, कर्नाटकातले गवंडी त्यांच्या जत्रांना. जाताना उचल मागतात. उचल दे, पण झालेल्या कामापेक्षा जास्त कधीच देऊ नकोस. गेलेला माणूस परत येतो तो तुझ्याकडे त्याचं काही बाकी असेल तर.

पैशाचा एक पेच कर्ज घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. बँक टप्पा झाल्यावर पैसे सोडते: त्यांचा माणूस येणार, फोटो काढणार, अहवाल देणार, मग रक्कम. ठेकेदाराला पैसे टप्प्याच्या आधी लागतात, कारण सिमेंट-सळईवाला त्याला उधार देत नाही. आणि बँक म्हणते आधी तुमचा वाटा घाला. म्हणजे एका टप्प्याएवढी रोकड तुझ्या हातात कायम फिरती पाहिजे. नाहीतर स्लॅबच्या आदल्या आठवड्यात काम थांबतं आणि लावलेल्या सेंटरिंगचं भाडं चढत राहतं. सूनबाईला सांग, हिशेब तिने ठेवावा. तू पावत्या खिशात ठेवून पँट धुवायला टाकणारा.

ठेका चौरस फुटावर देणार असशील तर फूट कसला, ते आधी लिही. पोर्च पूर्ण धरणार की अर्धा? जिना प्रत्येक मजल्यावर मोजणार? छज्जा, माळा, बाल्कनी? स्लॅबच्या बाहेरच्या कडेने माप की भिंतीच्या? कागदावरचं 1,500 चौरस फुटाचं घर शेवटच्या बिलात फुगतं ते याच फटींतून. दरात काय नाही, त्याची यादी कर. काय आहे त्याची यादी तो देतोच. कंपाउंड, गेट, जमिनीतली टाकी, सेप्टिक टँक, कठडा, वरच्या टाकीचा चौथरा, लाइटचं तात्पुरतं कनेक्शन, पाण्याचे टँकर, कचरा उचलणं. हे सगळं ‘ते वेगळं’ असतं. तोंडी ठरलेलं संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाक, ‘आज असं ठरलं’ म्हणून. भांडायला नव्हे, सहा महिन्यांनी दोघांनाही आठवत नाही म्हणून.

लाइन-आउटच्या दिवशी ये. कोपरा काटकोनात आहे का, हे गुण्याने तर बघतातच, पण तू टेपने बघ: एका दोरीवर 3, दुसरीवर 4, तिरकं बरोबर 5. फुटात घे नाहीतर मीटरमध्ये. मोठ्या खोलीला 9, 12, 15 घे, चूक लगेच कळते. पाव इंच इथे चुकला की फरशी घालताना एका भिंतीशी निमुळती पट्टी येते आणि ती जन्मभर डोळ्यात सलते.

माल उतरतो तेव्हाचं थोडक्यात. सळईचं वजन घरी काढता येतं. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचे किलो. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साधारण 10 किलो 650 ग्रॅम भरली पाहिजे. उन्नीस-बीस चालतं, किलोभर कमी भरली तर दुकानदाराला फोन. सिमेंटच्या पिशवीवर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाच. तीन महिन्यांच्या वरची घेऊ नकोस. वाळूचा, म्हणजे आता क्रश सँडचाच, हौदा आतून मोज. लांबी, रुंदी, उंची फुटात गुणून 100 ने भाग, तेवढे ब्रास. नदीची वाळू मिळालीच तर पारदर्शक बाटलीत अर्धी वाळू, वर मिठाचं पाणी, हलवून तीन तास ठेव. खाली वाळू 10 सेंटिमीटर आणि वर गाळ 1 सेंटिमीटर दिसला, तर ती गाडी परत. वीट दुसऱ्या विटेवर वाजव, खणखणीत आवाज यावा. बस.

आता स्लॅब. यावर मी जरा लांबण लावणार आहे, ऐकून घे.

स्लॅबच्या आदल्या दिवशी आरसीसीवाल्याला साइटवर आणायचंच. तो आल्याशिवाय काँक्रीट नाही, हे ठेक्यात लिही. तुम्ही काय बघायचं, ते सांगते. सळईच्या जाळीखाली सिमेंटचे छोटे ठोकळे, कव्हर ब्लॉक, आहेत का. स्लॅबखाली 20 मिलिमीटर, कॉलमच्या बाजूंना 40. ठोकळ्याऐवजी खडीचा तुकडा नाहीतर फरशीची कपची सरकवलेली दिसली तर काढायला लाव. खडी घसरते, सळई प्लेटवर टेकते, आणि दहा-बारा वर्षांनी छतातून गंजाचे पोपडे पडतात. ते पोपडे बघून लोक वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. दोष त्या बोटभर ठोकळ्याचा असतो.

त्याहून मोठी गोष्ट बाल्कनी आणि छज्जा. तिथे मुख्य सळई वरच्या अंगाला असते. बाल्कनी पुढे लोंबते, ओढ वरच्या बाजूला बसते, म्हणून. पण स्लॅबच्या दिवशी वीस-पंचवीस माणसं घमेली घेऊन त्याच जाळीवरून धावतात आणि वरची सळई पायाखाली दबत खाली जाते. काँक्रीट पडलं की कुणाला कळणार? सेंटरिंग काढलं की छज्जा मान टाकतो, नाहीतर भिंतीच्या कडेने वरून चीर धरतो. म्हणून जाळ्यांच्या मधे सळईच्या ‘चेअर’ घट्ट बांधलेल्या पाहिजेत आणि चालायला फळ्या टाकलेल्या पाहिजेत. फळ्या मी स्वतः भाड्याने आणून द्यायची. ठेकेदार हसायचे. हसू देत.

मग पाणी. मिक्सरवरचा माणूस पाणी डोळ्याने ओततो आणि वरचा माणूस ओरडतो, ‘पातळ कर रे!’ पातळ काँक्रीट सपसप पसरतं, सगळ्यांची मेहनत वाचते, आणि ताकद जाते. साध्या एम-20 काँक्रीटला 50 किलोच्या एका पिशवीमागे 30 लिटरच्या वर पाणी नको, आणि वाळू ओली असेल तर त्यातूनही कमी. बादलीला आतून रंगाने खूण कर आणि मिक्सरपाशी घरचं माणूस बसव. दादाला बसव, त्याला कुणी उलट बोलत नाही. व्हायब्रेटर दोन असावेत, एक नक्की बंद पडतो. कॉलम-बीमच्या सांध्यावर सळयांची गर्दी असते, तिथे सुई नीट फिरवायला लाव. नाहीतर फळ्या काढल्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात आणि गवंडी तुझ्या आधी येऊन ती सिमेंटने लिंपून टाकतो. म्हणून प्लेटा काढतानाही जागेवर राहा.

सेंटरिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, तो चौथ्या-पाचव्या दिवसापासून कुरकुर करतो. स्लॅबखालच्या बल्ल्या दोन आठवडे आणि बीमखालच्या तीन आठवडे हलवायच्या नाहीत. वर आळी करून पाणी साठव. हल्लीच्या राखमिश्रित सिमेंटला दहा दिवस पाणी लागतंच, चौदा दिलंस तर उत्तम. कॉलमना गोणपाट गुंडाळून भिजव, कारण उभ्या कॉलमवर पाइप मारला की पाणी दोन मिनिटांत खाली. हे काम ठेकेदाराच्या माणसावर सोडू नकोस. साइटवर राहणाऱ्या वॉचमनच्या बायकोला वेगळे पैसे दे, ती निगुतीने करते, आणि तिचे पैसे तिच्याच हातात दे.

भूकंपाचं तुम्हा पोरांना वाटत नाही. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते, आजोळी पाटण खोऱ्यात. दगड-मातीच्या जाड भिंती, दोन फुटांच्या, भक्कम वाटायच्या. त्या फाटल्या त्या उभ्या, मधोमध. बाहेरचा थर अंगणात आणि आतला उभा. दोन्ही थरांना बांधून धरणारा आरपार दगडच कुणी घातला नव्हता, मधे नुसती माती-कपऱ्या. तोच हिशेब आता कॉलमच्या रिंगांचा. रिंगचं टोक काटकोनात सोडून देतात, ते हादऱ्यात उघडतं. टोक आत, कॉलमच्या पोटाकडे तिरकं वाकवलेलं पाहिजे, 135 अंशांत. बीमजवळ रिंगा दाट, चार-चार इंचांवर. फिटर म्हणेल, ‘यानं येळ जातो.’ जाऊ दे. दरवाजे-खिडक्यांवरचा लिंटेल तुकड्या-तुकड्यांत न घालता पट्टा म्हणून सगळ्या भिंतींवरून फिरवता आला तर बरं, तेही आरसीसीवाल्याला विचार.

नळ आणि वायर. गिलावा करायच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीत जा आणि चारी भिंतींचे फोटो काढ, टेप लावून. कोपऱ्यापासून पाइप किती फुटांवर, जमिनीपासून किती, ते फोटोत दिसलं पाहिजे. पुढे आरसा टांगायला ड्रिल मारताना हा फोटो हजार रुपयांचा होतो. बाथरूमच्या खोलगट भागात वॉटरप्रूफिंग झालं की दोन दिवस पाणी भरून ठेव आणि खालून छत बघ. त्याआधी त्यात विटांचे तुकडे भरू देऊ नकोस. वरची बाथरूम खालच्या बाथरूमवर येईल असा नकाशा फिरवता येतो का, हे त्या मुलीला आत्ताच विचार. मी सुरुवातीला म्हटलं तो बैठकीवरचा पाइप त्याने जाईल. संडासाच्या लाइनला प्रत्येक वळणावर चेंबर. अर्थिंग नीट, आणि मेन बोर्डात आरसीसीबी. त्याचे पैसे वाचवायचे नाहीत.

सेप्टिक टँक आणि बोअर यांत 50 फूट तरी अंतर धरतात. तुमच्या प्लॉटमध्ये ते बसतं फक्त लांबीच्या दोन टोकांना. आणि शेजाऱ्याचा बोअर तुझ्या टँकच्या शेजारी निघाला तर? आधी त्याच्याकडे चहाला जा, टेप घेऊन.

गच्चीवर आज ना उद्या सोलर येणार. 2024 पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. आज बसवलं नाहीस तरी गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीत टाकून ठेव. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून येतो, तेव्हा टाकी आणि जिन्याची खोली दक्षिणेला उंच केलीस की सावली पॅनलवर. इथे वास्तूवाला म्हणणार, टाकी नैर्ऋत्येलाच पाहिजे. वहिनीचा त्यावर विश्वास आहे, मी वाद घालत नाही. एवढंच सांगते, त्याला बोलवायचं तर आत्ता बोलव, नकाशा कागदावर आहे तोवर. लिंटेलपर्यंत काम आल्यावर आलेला वास्तूवाला सगळ्यात महाग. आणि टाकी कुठेही ठेव, ती आरसीसीवाल्याला आधी सांग. 1,000 लिटर पाणी म्हणजे एक टन वजन.

पश्चिमेला तुम्ही झोपायची खोली घेतली आहे, मोठ्या काचेसकट. एप्रिल-मेमध्ये ती भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली असते. त्या बाजूला जिना, बाथरूम, कपाटं घाला. खिडकी हवीच असेल तर छज्जा दोन फुटांचा, बोटभर सजावटीचा नव्हे.

जिना. सगळ्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या पाहिजेत, हे कुणीही सांगेल. चुकते ती पहिली आणि शेवटची. काँक्रीटचा जिना सारख्या मापात ओततात. मग खाली खोलीत फरशी, तिच्याखाली मसाला, म्हणून जमीन 3 इंच वर येते. पायरीवर मात्र इंच-दीड इंचच जाडी चढते. म्हणजे पहिली पायरी बुटकी झाली, आणि वरच्या मजल्यावर पुन्हा 3 इंच, तिथली शेवटची उंच. पाय सवयीने पडतो आणि माणूस तिथेच अडखळतो. सेंटरिंग करण्याआधी गवंड्याला दोन्हीकडची फरशीची तयार पातळी भिंतीवर निळीच्या दोरीने मारायला लाव आणि पायऱ्या तिथून मोजायला लाव. उंची 6 ते साडेसहा इंच, पाय ठेवायला 11. दादाचे गुडघे आत्ताच वाजतात. खाली एक झोपायची खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम असू दे, दार 3 फुटांचं, उंबरा नको. आज त्या खोलीला ‘स्टडी’ म्हणा हवं तर.

ठेकेदाराचे शेवटचे 5 ते 10 टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेव, आणि हे पहिल्याच करारात लिही, शेवटी नव्हे. गळती उन्हाळ्यात कळत नाही. भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याशिवाय वास्तुशांत करून राहायला जाऊ नका. राहायला गेलात की तो कागद आणायला कुणालाच घाई राहत नाही, आणि घर विकताना नाहीतर दुसरं कर्ज काढताना तोच मागतात. घरपट्टीला नाव दोघांचं लावा.

आता ताबडतोबीचं काय ते लिहिते. मोजणीचा अर्ज या आठवड्यात भर, तारीख मिळायला वेळ लागतो. त्या मुलीकडून दुसरा नकाशा मागव, फक्त पाइप, चेंबर, टँक, बोअर आणि लाइटचा, रंग-बिंग नको. जेसीबीवाला कराडचाच बघ, त्याला कुठे किती खोल मुरूम लागतो ते ठाऊक असतं. खड्डे रविवारी घ्या, म्हणजे मलाही दादाबरोबर येता येईल. वहिनीला म्हणावं, डबा करू नकोस, तिकडे काहीतरी खाऊ.

— आत्या